इंजिनाचे सुटे भाग : आधी माप, मग माल

कापडाच्या गादीवर बसणाऱ्याने इंजिनावर लेख लिहावा, हे वाचक बंधूंना चमत्कारिक वाटेल. पण रत्नागिरीच्या बाजारात ज्याचे दुकान आहे, त्याचा थोडाफार पैसा समुद्रात असतोच. कोणी बोटीला उधारीवर जाळी देतो, कोणी बर्फ देतो, कोणी भागीदारीत असतो. आमच्या भाच्याची मिरकरवाडा बंदरात एक बोट आहे आणि तिच्यात आमचा चार आणे वाटा आहे. त्या वाट्यापायी 2018 साली आम्ही जो शहाणपणा केला तो महाग पडला. मिस्त्री, नाखवा आणि सुट्या भागांचे दुकानदार यांच्यापैकी कोणाच्या तरी तो कामी यावा, म्हणून लिहीत आहोत.

त्या वर्षी नेहमीप्रमाणे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद होती. बोट ओढून वर घेतली होती. इंजिन सहा सिलिंडरचे, जातीने ट्रकचे, समुद्रासाठी तयार केलेले. गेले दोन हंगाम ते तेल खात होते, धूर निळा येत होता आणि सकाळी सुरू होताना कुरकुरत होते. मिस्त्रींनी उघडून पाहिले आणि म्हणाले, "शेठ, आता वरवरचे काम नको, पूर्ण ओव्हरहॉल करा." भाच्याने यादी लिहिली : सहा लायनर, सहा पिस्टन, रिंगा, मेन बेरिंग, बिगएंड बेरिंग, हेड गॅस्केट, व्हाल्व्ह, नोझल. आम्ही कापडाच्या खरेदीला मुंबईस निघालोच होतो. यादी खिशात घातली आणि म्हणालो, "भाव आम्ही करतो. तीस वर्षे घासाघीस करण्यात गेली आहेत."

मूळजी जेठा मार्केटातली कामे आटोपून आम्ही सुट्या भागांच्या बाजारात गेलो. पिस्टन एका दुकानी स्वस्त मिळाले, एका कंपनीचे. लायनर दुसऱ्या दुकानी, दुसऱ्या कंपनीचे. रिंगा तिसऱ्याकडे सुट्या मिळाल्या. बेरिंगे "दहा थाऊ"ची घेतली, कारण भाचा म्हणाला होता, "मामू, क्रँकला एक घासणी तर लागणारच." सगळे मिळून एका ठिकाणच्या भावापेक्षा चौदा हजार रुपये वाचले. रात्रीच्या गाडीत आम्ही स्वतःवर फार खूश होतो.

पहिला फटका आठवड्यातच बसला. क्रँक घासायला कोल्हापूरला पाठवला होता. तिथून निरोप आला की ओरखडे खोल आहेत, दहा थाऊत साफ होत नाही, वीस घासावे लागतील. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आपला साधा लिहायचा कागद तीन-चार थाऊ जाडीचा असतो.) म्हणजे दहा थाऊची बेरिंगे फुकट गेली. दुकानदार परत घेईना, आणि त्याचेही बरोबर होते. कापलेले कापड आम्ही तरी कुठे परत घेतो?

दुसरा फटका मोठा होता. लायनर बसवताना मिस्त्री म्हणाले, "दोन लायनर जरा खाली बसतायत शेठ. कॉलर उंचीला कमी दिसते." आम्ही काय म्हणालो? "बसू द्या. वरून गॅस्केट दाबून घेईल." मिस्त्री गप्प राहिले. मालकाने असे म्हटल्यावर कारागीर गप्प राहतो, हा आमच्याकडचा रिवाजच आहे.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जयगडच्या बाहेर असताना पाण्याचा काटा चढू लागला. तांडेलाने इंजिन बंद केले, तोपर्यंत पाणी उकळून बाहेर पडत होते. गॅस्केट त्या दोन सिलिंडरांवरच फुटले होते आणि हेड वाकले होते. दुसऱ्या बोटीने ओढून आणले. हंगामाचे ऐन पाच आठवडे बोट धक्क्याला. खलाशांना उचल दिलेली, ती तर परत मागता येत नाही. हिशेब सव्वादोन लाखांच्या वर गेला. आमची बहीण, म्हणजे भाच्याची आई, तिने त्या महिन्यात हातातल्या दोन बांगड्या मोडल्या. हे आम्हाला तिने सांगितले नाही, दिवाळीनंतर दुसऱ्याकडून कळले.

बहरीनहून आलेला कारागीर

पुढच्या वर्षी, 2019 च्या जूनमध्ये, आमच्या चुलत भावाचा मुलगा बहरीनहून रजेवर आला. तिथे तो एका गॅरेजात इंजिने बांधतो आणि तीही शर्यतीची. बहरीनमध्ये साखीर येथे 2004 साली मोठा रेसिंग सर्किट झाला. त्याच आवारात ड्रॅग रेसची सरळ पट्टी आहे. आपल्याकडेही मागच्या दशकात लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. ड्रॅग रेस म्हणजे वळण नाही, वळसा नाही. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा झाला की पाव मैल, म्हणजे 402 मीटर, सरळ. चांगली बांधलेली गाडी ते अंतर दहा-अकरा सेकंदांत तोडते. पैसेवाल्यांचा शौक आहे, आम्हाला त्याचे कौतुक नाही. पण शौकीन पैसे घालतो म्हणून तिथे कारागिराच्या हुन्नराला किंमत आहे.

मुलाने आमची गोष्ट ऐकली, हसला नाही. म्हणाला, "चाचा, आमच्याकडेही लोक याच चुका करतात. फक्त तुमचे चौदा हजार, त्यांचे हजार दिनार."

मग दोन-तीन संध्याकाळी त्याने आम्हाला, भाच्याला आणि मिस्त्रींना दुकानाच्या ओट्यावर बसून समजावले. त्याच्या गॅरेजात जास्त काम येते ते 'स्मॉल ब्लॉक' इंजिनाचे. हे अमेरिकेच्या शेव्हरोले कंपनीने 1955 साली बाजारात आणलेले आठ सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. सुरुवातीला 265 घनइंचांचे, पुढे 350 घनइंचांचे प्रसिद्ध झाले. लहान, हलके, स्वस्त आणि अनेक वर्षे लाखोंनी बनलेले, म्हणून त्याचे सुटे भाग जगभर मिळतात. आपल्याकडे जसे ट्रकचे इंजिन बोटीत, जनरेटरवर, खडी मशीनवर सगळीकडे जाते, तसाच प्रकार.

भाग मुबलक मिळतात, हीच त्यातली गोम आहे. एकाच क्रँकचे वीस बनवणारे, एकाच कॅमचे शंभर नमुने. गिऱ्हाईक पुस्तक उघडतो आणि प्रत्येक पानावरचा सगळ्यात दांडगा भाग मागवतो. सगळ्यात मोठा कॅम, सगळ्यात मोठा कार्बुरेटर, सगळ्यात मोठ्या व्हाल्व्हचे हेड. जोडून होते तेव्हा इंजिन धड उभेही राहत नाही. मुलगा म्हणाला, "उत्तम भागांचे वाईट इंजिन बांधणे सगळ्यात सोपे आहे."

आम्हाला हे पटायला वेळ लागला नाही. भारी सूट-कापड, हलके अस्तर आणि आटणारा कॅनव्हास एकत्र शिवला की पहिल्या धुण्यात काय होते, ते आमच्या शिंपी बांधवांना माहीत आहे.

निवडीचा उलटा रस्ता

त्यांच्याकडे निवड उलट्या बाजूने सुरू होते. इंजिनापासून नव्हे, चाकापासून. गाडीचे वजन किती, टायर किती उंचीचा, गिअर कोणता, आणि पट्टीच्या शेवटी इंजिन किती फेऱ्यांवर असेल. समजा उत्तर आले की 4000 ते 7000 फेरे. मग त्या फेऱ्यांत हवा पुरवील असे हेड. हेडाला जुळेल असा कॅम. कॅमला जुळेल असे कॉम्प्रेशन.

कॅमचे त्याने नीट समजावले. कॅम व्हाल्व्ह किती वेळ उघडा ठेवतो हे अंशांत मोजतात. रोजच्या गाडीला 210 ते 220 अंश पुरतात, ड्रॅगच्या इंजिनाला 250 च्या वर लागतात. व्हाल्व्ह जास्त वेळ उघडा राहिला की वरच्या फेऱ्यांवर श्वास चांगला मिळतो, पण खालच्या फेऱ्यांवर आत आलेली हवा परत बाहेर जाते आणि ताकद पडते. म्हणून मोठ्या कॅमला कॉम्प्रेशनही वाढवावे लागते, बारा-तेराला एक. मग पंपावरचे साधे पेट्रोल चालत नाही, शर्यतीचे इंधन लागते. एक भाग बदलला की पुढचे तीन बदलतात. हे ज्याला आधी कळले तो आधी कागदावर भांडतो, नंतर पाकिटातून पैसे काढतो.

हे सगळे ठरल्यावर मग खालचे काम : क्रँक, रॉड, पिस्टन. ओतीव क्रँक साधारण चारशे-साडेचारशे हॉर्सपॉवरपर्यंत निभावतो, त्यापुढे घडीव पोलादाचा. नायट्रस वायू सोडणार असाल तर पिस्टन घडीवच हवेत आणि रिंगेच्या तोंडातली फट जास्त ठेवावी लागते. साधा हिशेब असा : बोअरच्या दर इंचाला चार थाऊ फट. चार इंची बोअरला सोळा थाऊ. नायट्रसवर तीच पंचविसाच्या आसपास, कारण रिंग तापून लांबते. तोंडे एकमेकांना भिडली की रिंग पिस्टनची कड उचकटून टाकते. नायट्रस आमच्या बंदरात कोणाला लागणार नाही, पण रिंगेची फट न मोजता खोक्यातून काढून चढवणारे मिस्त्री मात्र आम्ही पाहिले आहेत. "कंपनीने बरोबरच केली असेल" असे म्हणतात. कंपनी एका ठरावीक बोअरला धरून करते. तुमचा बोअर किती आहे, ते कंपनीला कसे कळणार?

आमच्या दुखण्यावर त्याने नेमके बोट ठेवले ते इथे. 350 च्या ब्लॉकमध्ये 400 घनइंची इंजिनाचा क्रँक बसवून, बोअर तीस थाऊ वाढवून, लोक 383 घनइंच करतात. फार चालणारे काम आहे. चार इंच तीस थाऊचा बोअर, पावणेचार इंचांचा स्ट्रोक, आठ सिलिंडर : गुणाकार करून पाहा, 382.7 येतो. पण 400 च्या क्रँकचे मेन जर्नल 2.65 इंचांचे आणि 350 च्या ब्लॉकची बैठक 2.45 इंचांच्या जर्नलसाठी. म्हणजे घासल्याशिवाय बसतच नाही. शिवाय 1986 सालापासून मागचे ऑइल सील दोन तुकड्यांचे होते ते एकसंध झाले, तेव्हा जुना क्रँक नव्या ब्लॉकला सरळ बसत नाही, नव्याचे फ्लायव्हील जुन्याला लागत नाही. नाव तेच, घराणे तेच, भाग मात्र वेगळा. म्हणून ते लोक भाग मागताना इंजिनाचे नाव सांगत नाहीत. ब्लॉकवर ओतलेला नंबर सांगतात.

भाच्याने लगेच आपल्या इंजिनाचा नंबर आणि पार्ट्सचे पुस्तक आणले. पुस्तक इंग्रजी. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले, मिस्त्री चौथीपर्यंत. पुस्तक चार वर्षे बोटीच्या केबिनमध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत पडून होते. मुलाने वाचले तर आमच्या इंजिनाच्या मालिकेत लायनर दोन प्रकारचे निघाले, कॉलरची जाडी वेगळी. आम्ही दुकानात फक्त इंजिनाचे नाव सांगितले होते. दुकानदाराने नावाप्रमाणे माल दिला. त्याला तरी कसा दोष द्यावा?

दहा सेकंद आणि दहा तास

मग मिस्त्रींनी एक प्रश्न विचारला, तो आम्हाला फार आवडला. "बाबा, तुझे इंजिन दहा सेकंद पळते. माझे रात्रभर ओढते. तुझा हिशेब माझ्या काय कामाचा?"

मुलाने कागदावर मांडले. दहा सेकंदांची धाव, सरासरी सहा हजार फेरे मिनिटाला धरले तर क्रँक एका धावेत हजार वेळा फिरतो. आपली बोट 1600 फेऱ्यांवर दहा तास चालली तर नऊ लाख साठ हजार वेळा. त्यांच्या 350 इंजिनात सात हजार फेऱ्यांवर पिस्टन सरासरी सेकंदाला वीस मीटरच्या वर वेगाने खालीवर होतो. आपल्या डिझेलचा स्ट्रोक 120 मिलिमीटर धरला तर 1800 फेऱ्यांवर सात मीटरच्या थोडा वर. म्हणजे त्याचे भाग ताणाने मरतात, आपले झिजेने, उष्णतेने आणि खाऱ्या पाण्याने. मरणाचे कारण वेगळे म्हणून औषध वेगळे. पण तपासणी तीच.

यावरून आमच्या बंदरातल्या एका वाईट सवयीबद्दल बोलले पाहिजे. बोट मागे पडते असे वाटले की तांडेल मिस्त्रीला म्हणतो, "पंप वाढव." मिस्त्री डिझेल पंपाची सेटिंग वाढवून देतो. बोट दोन महिने पळते, चिमणीतून काळा धूर येतो, सगळे खूश. काळा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. हवा तेवढीच, इंधन जास्त. उष्णता पिस्टनच्या डोक्यावर जाते, रिंगा चिकटतात आणि पुढच्या पावसाळ्यात मिस्त्रीच तोच पिस्टन हातात घेऊन मान हलवतो. ड्रॅगवाल्यांना हा सौदा परवडतो, कारण त्यांचे इंजिन दर हंगामात उघडलेच जाते. आपल्याला कर्जाच्या हप्त्यासाठी चार हंगाम काढायचे असतात.

पुष्कळदा दोष इंजिनात नसतोच, पंख्यात असतो. पंखा म्हणजे बोटीचा टायर. त्याची पिच जास्त असली की पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांपर्यंत चढत नाही, गुदमरते. पाहणे सोपे आहे : बर्फ, डिझेल, जाळी घेऊन, शांत पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्यावा आणि फेरे मोजावेत. पुस्तकात 1800 लिहिले असेल आणि 1600 च मिळत असतील तर आधी पंखा काढून पिच कमी करून घ्यावी. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनाने वाढते, त्यामुळे पिचमधला थोडा फरकही इंजिनाला जड जातो. उलट, फेरे दहा टक्के कमी ठेवले तर पंखा सुमारे सत्तावीस टक्के कमी ताकद मागतो. शंभर हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन पूर्ण भारावर तासाला वीस लिटरच्या आसपास पिते, हे धरून तांडेलाने घाईची किंमत काढावी.

ट्रकच्या इंजिनाला बोटीत घालताना रेडिएटर जातो आणि हीट एक्स्चेंजर येतो, समुद्राचे पाणी ओढणारा वेगळा पंप येतो, गिअरबॉक्स बदलतो. खरेदीत लोक पिस्टन-लायनरवर जीव टाकतात आणि या भागांकडे पाहत नाहीत. समुद्री पाण्याच्या पंपातली रबरी चक्री दर हंगामाला नवी घालावी, किरकोळ किमतीची असते. जस्ताचे तुकडे, जे स्वतः गंजून बाकीच्या धातूला वाचवतात, ते संपले की नाही ते पाहावे. जस्त जसेच्या तसे चकचकीत दिसले तर खूश होऊ नये. ते धातूला नीट चिकटलेले नाही आणि गंज दुसरीकडे चालू आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

त्या पावसाळ्यात काय केले

2019 ला इंजिन पुन्हा उघडले. आधीचे वर्ष डोक्यात होते, म्हणून एकही भाग घेण्यापूर्वी फक्त मोजमाप केले. मुलाने बहरीनहून आपली हत्यारे आणली होती : मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल. ब्लॉकमधल्या सहाही बैठकींची खोली मोजली. दोन बैठकी मुळातच जास्त खोल निघाल्या, कधीतरी कोणीतरी घासलेल्या. म्हणजे चुकीचे लायनर आणि खोल बैठक, दोन्ही दोष एकत्र आले होते. लायनरची कॉलर ब्लॉकच्या पातळीच्या किती वर राहावी, ते पुस्तकात दिलेले असते, अवघे काही थाऊ. तेवढाच उंचवटा गॅस्केटला दाबून धरतो. ब्लॉक कोल्हापूरला नेऊन बैठकी सरळ करून घेतल्या आणि खाली पातळ पोलादी शिम घातल्या. आंबा घाटातून भर पावसात टेंपोत ब्लॉक नेताना भाच्याचा जीव वर-खाली होत होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगराबद्दल एक शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या रत्नागिरीत एवढ्या बोटी असून क्रँक घासायला, ब्लॉक फिरवायला सव्वाशे किलोमीटर घाट चढून जावे लागते. तिथल्या कारखानदारांच्या जुन्या पिढीने उसाच्या घाण्याची आणि शेतपंपाची इंजिने दुरुस्त करता करता एक पूर्ण धंदा उभा केला. आमच्या मुलांनी आखातात हेच काम शिकले आहे. परत आलेल्यांपैकी दोघे-तिघे मिळून एक चांगली ग्राइंडिंग मशीन इथे बसवू शकत नाहीत का? गिऱ्हाईक शोधायला त्यांना बंदराबाहेर जावे लागणार नाही.

माप हाती आल्यावर माल घेतला. पिस्टन, लायनर, रिंगा, पिन एकाच कंपनीचा पूर्ण संच, एकाच दुकानातून, पक्क्या बिलावर. बेरिंगे सगळ्यात शेवटी, क्रँकची चिठ्ठी हातात आल्यावर. क्रँक आधीच वीस थाऊवर होता, या वेळी नुसती पॉलिश पुरली. बसवताना बेरिंगमध्ये प्लॅस्टिगेज नावाची मेणासारखी बारीक दोरी ठेवून, कॅप आवळून पुन्हा उघडली. दोरी किती पसरली त्यावरून फट कळते. जर्नलच्या दर इंचाला एक थाऊ हा मोटा हिशेब, अचूक आकडा पुस्तकातला. मिस्त्री आयुष्यभर हाताने क्रँक फिरवून "हलका आहे, ठीक आहे" असे ठरवत आले. त्यांचा हात खोटा नव्हता. दोरीने तेच सांगितले, फक्त चौथ्या मेनवर नाही. तिथे कॅपखाली रंगाची एक खपली अडकली होती.

पिस्टन आणि रॉड वजन करून घेतले. ड्रॅगवाले एकेक ग्रॅम जुळवतात. आम्ही शेजारच्या किराणा दुकानातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. दुकानदाराने साखरेच्या काट्यावर पिस्टन पाहून तोंड वाकडे केले, पण काटा दिला. सहांपैकी एक पिस्टन बाकीच्यांपेक्षा अठरा ग्रॅम जड निघाला. खोके पाहिले तर त्याच्यावरचा नंबर आणि पिस्टनच्या अंगावरचा नंबर वेगळा. दुकानदाराला फोन केला, त्याने बिल पाहिले आणि चौथ्या दिवशी एसटीने बदलून पाठवला. कच्च्या चिठ्ठीवर घेतला असता तर?

नकली मालाचे एवढेच सांगतो. आमच्या धंद्यात थानाच्या काठावर गिरणीचा छाप असतो आणि नकली छापही असतो. जाणता व्यापारी छाप पाहतो, पण दोन धागे उकलूनही पाहतो. सुट्या भागांतही खोक्यावरचा चमकता शिक्का पाहावाच, पण खोके उघडून अंगावरचा नंबर, कडा, वजन हेही पाहावे. जुन्या कंपनीचे नाव बदललेले असते, त्यावरूनही माणूस फसतो. डिझेल पंप-नोझलवाली मायको 2008 साली बॉश झाली. आज कोणी 'मायको'च्या नव्या कोऱ्या खोक्यातला ताजा माल म्हणून काही दाखवू लागला तर दोन प्रश्न जास्त विचारावेत. 2017 पासून जीएसटीचे बिल आले आहे, ते मागायला लाजू नये. बिल देताना ज्याची जीभ अडखळते, त्याच्या मालाचा भाव कितीही कमी असो.

या वेळी आमचे बारा हजार जास्त गेले, मोजमाप आणि घाटाचे भाडे धरून. 1 ऑगस्ट 2019 ला बोट उतरली. मुलगा तेव्हा बहरीनला परतला होता. भाच्याने बंदराबाहेर पूर्ण थ्रॉटल देऊन फेरे मोजले आणि आकडा त्याला फोनवर कळवला. पंख्याची पिच एक इंच कमी केली होती, काळा धूर गेला. ते हेड त्यानंतर उघडावे लागलेले नाही. बहिणीच्या बांगड्या पुढच्या वर्षी झाल्या, आधीच्यापेक्षा थोड्या हलक्या.

मिस्त्रींनी त्या वर्षीच्या कमाईतून पहिल्यांदा स्वतःचा बोअर गेज घेतला. आता बंदरातले दुसरे मिस्त्री तो मागून नेतात आणि ते कुरकुरत देतात. ओव्हरहॉल करायचा असेल त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यातच इंजिन उघडून मोजून घ्यावे. जुलैच्या मध्याला कोल्हापूरला पाळी लागत नाही आणि मग घाईत कोणीही काहीही घासून देतो.

आमची ती दहा थाऊची बेरिंगे अजून गल्ल्याखालच्या खणात तशीच खोक्यात आहेत. कोणाला लागत असतील तर विनामूल्य घेऊन जावीत. येताना क्रँक मोजून आलेली चिठ्ठी आणावी.